स्वस्त तांदळाचं कार्ड आणि आमचे आप्पा

छापखान्यात तीस वर्षं काढली की माणसाच्या नखांत शाई साठते आणि डोक्यात किस्से. शाई रॉकेलनं जाते. किश्श्यांवर अजून औषध निघालेलं नाही! कुणी चहाला बसवलं की एक सांगावा लागतो, आणि एक सांगितला की त्याच्या मागं बाकीचे रांगेत उभेच असतात.

आमचा छापखाना बेळगावच्या बाजारातल्या एका बोळात होता. लोक हे किस्से ऐकून हसतात. मीही हसतो. पण तेव्हा हसू येत नव्हतं. कारण एकाच पत्र्याखाली बाप आणि लेक कामाला होते. बाप म्हणजे आप्पा, आमचे सर्वांत जुने कंपोझिटर, सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात जेलमध्ये जाऊन आलेले. लेक म्हणजे मारुती, ट्रेडल मशीन चालवणारा. बापाला महाराष्ट्र पाहिजे होता, लेकाला स्वस्त तांदूळ पाहिजे होता. दोघांच्या मधे माझी केस, म्हणजे मजकूर जुळवायच्या शिशाच्या खिळ्यांची पेटी. त्यामुळं दोघांचं बोलणं आधी माझ्या अंगावरून जायचं!

त्या घरात तांदळाचं कार्ड येणार की आप्पा घर सोडून जाणार, या भीतीत आम्ही त्या वेळची कितीतरी वर्षं काढली.

*

पहिली ठिणगी पडली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. दुपारी डबे सोडले होते. आप्पा जेलची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. जेलरनं माफीचा कागद पुढं केला, तो कन्नडमध्ये होता, आणि आप्पा म्हणाले, "ह्या कागदावर माजी सही मेल्यावर घ्या!" इथं आम्ही सगळ्यांनी "वा आप्पा!" म्हणायचं, असा रिवाज.

त्या दिवशी मारुती "वा" म्हणाला नाही. भाकरी मोडत म्हणाला, "आप्पा, तुमी आत असताना घरात कोण काय खाल्लं, ते बी सांगा की."

माझा घास तोंडातच राहिला. आप्पांपुढं मालकसुद्धा आवाज चढवत नसत.

"तुज्या आईनं निभावलं," आप्पा म्हणाले.

"आईनं शेजारची भांडी घासली. मी सात वर्साचा होतो. मला आठवतंय."

आप्पांनी डबा बंद केला आणि उठून केसपाशी गेले. त्या दुपारी त्यांनी जुळवलेल्या लग्नपत्रिकेत एकही चूक नव्हती. मला मात्र माझ्याकडच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव दोनदा जुळवावं लागलं.

*

मतदानाचा किस्सा तर आमच्या धंद्याशिवाय घडलाच नसता.

आप्पा मतदानाला सकाळी सातला पहिल्या रांगेत असायचे. धुतलेलं धोतर, टोपी, खिशात चिठ्ठी. त्या वर्षी टेबलापाशी गेले आणि बोट पुढं केलं. अधिकाऱ्यानं बोट बघितलं, मग आप्पांकडं बघितलं. "आजोबा, तुम्ही मत देऊन आलाय!"

आप्पांची दहाही बोटं काळी! चाळीस वर्षांची शाई नखांच्या मुळात गेलेली. त्यात मतदानाची शाई कुठली आणि छापखान्याची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मी रांगेत मागंच होतो. लाठी खाल्लेला हा माणूस, पण मी त्यांना असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. "साहेब, पाया पडतो, माजं मत घालवू नका," म्हणाले. आप्पा आणि पाया पडतो! मला ते ऐकवेना.

शेवटी दुसरे एक कन्नड साहेब उठले. त्यांनी आप्पांचं बोट धरलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. रॉकेलचा वास! हसून म्हणाले, "छापखान्यातला माणूस आहे. सोडा."

संध्याकाळी आप्पा सगळ्यांना सांगत होते, "आयुष्यात पयल्यांदा सरकारनं माजं खरं मानलं. तेबी वास घेऊन!"

*

आमच्याकडं एक पद्धत होती. छापताना बिघडलेले कागद फेकायचे नाहीत, गठ्ठा करून ठेवायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर प्रूफ काढायचं. कागद महाग, मालक चिक्कू!

पुढच्या निवडणुकीत मालकांनी दोन्ही बाजूंची पत्रकं घेतली. दिवसा मायबोलीवाल्यांची, म्हणजे आप्पांच्या पक्षाची, आणि संध्याकाळी नव्या पक्षाची. नव्या पक्षाच्या पत्रकावर प्रत्येक गरीब बाईला अर्ध्या किमतीत साडी आणि प्रत्येक घराला स्वस्त तांदूळ. मारुती ते पत्रक छापताना शीळ घालायचा आणि आप्पा त्या मशीनकडं पाठ करून बसायचे.

त्या गडबडीत मारुतीनं कोऱ्या कागदाच्या जागी मायबोलीच्या पत्रकांचा बिघडलेला गठ्ठा मशीनला लावला. शे-दोनशे पत्रकं तशीच निपाणीकडच्या गाडीत चढली. एका बाजूला "मायबोलीसाठी एक मत", आणि उलटं केलं की "साडी आणि तांदूळ"!

दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी टेंपो येऊन थांबला. त्यातून पंधरा-वीस पोरं उतरली, आणि ती दोन्ही पक्षांची होती! एरवी एकमेकांची डोकी फोडणारी पोरं आमच्यासाठी एक झालेली. मालक संडासात गेले आणि आतून कडी लावली. मी फर्म्याची, म्हणजे खिळे आवळून धरणाऱ्या चौकटीची, किल्ली सोडून जुळवलेला मजकूर विस्कटून टाकला, तेवढाच पुरावा कमी! एक दगड आला आणि आमच्या पाटीवर लागला.

"मशीनवर कोण होतं?" बाहेरून आवाज आला.

मारुती पांढरा पडला होता. आप्पा उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागं मारुती दिसेनासा झाला.

"मी होतो," आप्पा म्हणाले. "काय करायचं ते मला करा."

जेलमध्ये गेलेल्या म्हाताऱ्यावर हात टाकायचा कुणी? पोरं चुळबुळली. त्यातला एक जण वैतागून म्हणाला, "आप्पा, तमाखूच्या वखारीतल्या बायका कागद घेऊन आमच्या मागं लागल्यात. म्हणत्यात, दोन्ही देणारा उमेदवार कोणता? आमी त्यालाच मत घालणार!"

पोरं गेल्यावर आप्पांनी मारुतीला नुसतं पाणी प्यायला दिलं.

*

नवा पक्ष निवडून आला आणि साड्या खरंच आल्या.

मारुतीची बायको सुशीला. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती पार उतरली होती. सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची आणि बऱ्याचदा जेवले असं नुसतं म्हणायची. तिनं साडी आणली खरी, पण सासऱ्यांच्या भीतीनं ती फक्त आप्पा कामावर गेले की नेसायची. वाळत घालायची ती माळ्यावर, अंधारात. माझ्या बायकोनंही तीच साडी आणली होती. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मीही आप्पांना घाबरत होतो!

खंडेनवमीला मशीनची पूजा होती, सगळ्यांच्या घरची मंडळी यायची. सुशीलाकडं दुसरी धड साडी नव्हती. तिनं विचार केला, गर्दीत कुणाला कळतंय. माझ्या बायकोनंही तोच विचार केला. बाइंडरच्या बायकोनंही. दुकानात आलेला सगळा माल एकाच छापाचा, हिरव्यावर पिवळी फुलं. तिघी एकमेकींना बघून दारातच थबकल्या आणि एकमेकींच्या मागं लपायला लागल्या.

एवढ्यात मालकीणबाई आल्या. अंगावर चार तोळ्याचा हार आणि हिरव्यावर पिवळी फुलं!

आप्पांनी हळद-कुंकवाचं ताट खाली ठेवलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि चौघींना न्याहाळलं.

"कुठल्या ब्यांडपथकात भरती झालासा गं?"

हसायचं की पळायचं, हे कुणालाच कळेना. सुशीलाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. आप्पांनी ते बघितलं आणि नारळ फोडायला वळले.

*

त्यानंतरच्या निवडणुकीत आप्पांच्याच पक्षाचं पत्रक आलं. ते आप्पाच जुळवणार, हा त्यांचा मान. "मायबोली" आलं, "हुतात्मे" आलं. आप्पांचा हात भरभर चालत होता. मग मधेच थांबला.

"शंकर, हे वाच रं. माजा चष्मा बिघडलाय बहुतेक."

मी वाचलं. "आमचा उमेदवारही घरटी तांदूळ देईल, त्यांच्याहून दोन किलो जास्त."

चष्मा बिघडला नव्हता.

आप्पांनी खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी अर्धवट काम टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. "एवढी वळ तू जुळव," म्हणाले आणि बोळात जाऊन उभे राहिले.

मशीनवरून मारुती हे बघत होता. जिंकल्यासारखा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही.

*

शेवटी कार्ड आलं. म्हणजे कार्डाचा फॉर्म आला, कन्नडमध्ये. घर आप्पांच्या नावावर, म्हणून कुटुंबप्रमुख तेच. खाली त्यांची सही पाहिजे. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा.

मारुतीनं तो फॉर्म महिनाभर खिशात वागवला. एका दुपारी धीर करून बापासमोर धरला.

"आप्पा, सुशीची तब्येत तुमी बघताय. खाणारी सा तोंडं हाईत."

"बघतोय."

"मग सही करा."

आप्पा शांतपणे म्हणाले, "त्या कागदावर माजी सही मेल्यावर घ्या. आनि जबरदस्ती केलीस तर गडहिंग्लजला लेकीकडं निघून जाईन. परत तोंड दाखवणार न्हाय."

या वेळी कुणी "वा आप्पा" म्हणालं नाही.

मारुती माझ्यामागं लागला. "शंकरदादा, तुमाला त्यांचं अक्षर येतंय. तुमीच करा की सही." मला खरंच येत होतं. पण मी नाही म्हणालो. त्याला सांगितलं की हा गुन्हा आहे, पोलीस नेतील. खरं तर मला पोलिसांची भीती नव्हती, आप्पांची होती. त्याची मला आजही लाज वाटते.

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस आला. सकाळी मारुती आला तोच विचारत, "आप्पा आलेत व्हय?" आले नव्हते. मागोमाग सुशीला धावत आली, कडेवर धाकटं पोर. कापडी पिशवी खुंटीवर नाही, धुतलेलं धोतर नाही, आणि आप्पा कुणाला न सांगता उठून गेलेले. चष्मा मात्र कोनाड्यात तसाच!

चष्म्याशिवाय आप्पांना हातभर लांबचंही दिसायचं नाही. त्यांनी चष्मा घरी ठेवला, म्हणजे त्यांना पुढं काही बघायचंच नाही, असा अर्थ माझ्या मनात आला. मारुतीच्याही मनात तेच आलं असावं. तो स्टँडवर पळाला, गडहिंग्लजच्या दोन गाड्या त्यानं आतून तपासल्या. मी रेल्वे रुळांकडं गेलो. काय शोधतोय हे स्वतःला सांगायचीही माझी हिंमत नव्हती. दुपारी दोघंही रिकाम्या हातानं परत आलो. सुशीला कागदाच्या गठ्ठ्यावर बसून होती. मारुती म्हणाला, "माज्या तांदळाला आग लागो, माजे आप्पा येऊ देत."

चारच्या सुमारास आप्पा आले. भिंतीला हात लावत, चाचपडत. पिशवी खुंटीला लावली, आपल्या स्टुलावर बसले आणि केसवर हात ठेवले.

दहा बोटांपैकी नऊ काळी होती. डाव्या हाताचा अंगठा जांभळा होता. स्टँपपॅडच्या शाईसारखा जांभळा. आमच्या छापखान्यात जांभळी शाई कधीच नव्हती.

मारुतीनं खिसा चाचपला. फॉर्म खिशात नव्हता. रॉकेलचा डबा आणि चिंधी घेऊन तो बापाच्या पायाशी बसला आणि तो अंगठा पुसायला लागला.

"हळू रं," आप्पा म्हणाले.

मला राहवेना. "आप्पा, हाफिसात काय विचारलं?"

"लिवाय-वाचाय येतंय का, म्हणून विचारलं."

"मग?"

"न्हाय म्हणून सांगितलं," आप्पा म्हणाले आणि दुसऱ्या हातानं स्टिक उचलली.