कुलूपबंद घरी जनावर नाही

शकूताई गेल्याची बातमी मला त्यांच्याच वेबसाइटवरून कळली. औंढा नागनाथला त्या टाकून दिलेली, जखमी जनावरं सांभाळायच्या आणि त्या छोट्याशा संस्थेची वेबसाइट मी केलेली. तिच्यावरून कुणी निरोप पाठवला की तो माझ्या हिंगोलीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर येतो. बहुतेक निरोप एकाच चालीचे… पांढरं झुपकेदार कुत्रं आहे का, फुकट मिळेल का. त्या सकाळचा निरोप ताईंचे शेजारी रामराव यांचा होता. 'ताई काल गेल्या. तुमचा नंबर न्हाई म्हणून इथंच लिहून राहिलो. चंपी फाटकातून हलंना.' मी वाचलं आणि सवयीनं 'संपर्काबद्दल आभार' असं टाइपही करून बसलो… मग हात थांबला.

संस्था म्हणजे तरी काय, पत्र्याचं शेड, एक बोअर आणि शकूताई. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, माहेरचं देवळातलं पूजेचं काम भावांकडे. एक दिवस पिशवीत मांजराचं पिल्लू घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या. "इंटरनेटवर टाकलं तं लेकरायला घरं मिळतात म्हणे. खरंय का?" मी म्हटलं, मिळतात. "मंग टाक." एवढ्यावर आमचा सौदा झाला. पिल्लू माझ्या कीबोर्डवर झोपून गेलं आणि त्या दिवशीची बाकीची कामं तशीच राहिली.

वेबसाइट करताना आमची रोज जुंपायची. प्रत्येक जनावराचं एक पान, फोटो आणि खाली माहिती. मी हौसेनं लिहायचो, प्रेमळ, गुणी, घराची शोभा वाढवणारी. ते वाचून दाखवलं की ताई पदर तोंडाला लावून हसायच्या. "सोयरीक जमवून राहिला का तू? खोडी लिही तिची, खोडी." मग त्या सांगतील तसं पान तयार व्हायचं. 'चपला पळवते. फटाके वाजले की पलंगाखाली मुतते. म्हाताऱ्या माणसाजवळ गप बसते.' मी मनात म्हणायचो, झालं, आता कोण येतंय! पण लोक वाचून हसायचे आणि येऊन घेऊनही जायचे. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, त्यांचा नियम: 'दिवसभर कुलूप असणाऱ्या घरी जनावर मिळणार नाही.' मी म्हटलं, ताई, हे सुरुवातीलाच दिसलं तर माणसं बिचकतील. "बिचकू दे," त्या म्हणाल्या.

माझी आई गेली त्यानंतर मी दर रविवारी औंढ्याला जायला लागलो. काम काही नसायचं. घरात भांडं पडलं तर तेवढाच आवाज, अशी गत होती. चंपी तिथलीच कुत्री, एका कानाची, म्हातारपणाकडे झुकलेली, मी बसलो की पायाशी येऊन पडणारी. शेवटी मी विचारलंच, हिला मी नेऊ का?

"तुझ्या घरी दिवसा कोण ऱ्हातं?"

"कुणी नाही."

"मंग?" त्या चारा टाकता टाकता बोलल्या. "वाट पाहू पाहू खंगतंय रे जनावर. मानसाला घड्याळ तरी कळतं."

मला राग आला. नियम मीच टाइप केलेला आणि तोच माझ्या तोंडावर मारला. पण निघताना त्या म्हणाल्या, "चंपीचं पान काढून टाक. दुसऱ्या कोणाला द्यायची न्हाई ती." माझ्यासाठी राखून ठेवली की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

त्यांची एक सवय होती. शेडमधून बाहेर पडताना, अगदी किराणा आणायला निघाल्या तरी, फाटकापाशी थांबून जनावरांना सांगायच्या, "येते गं, उशीर होईल." मी थट्टा करायचो. त्या गंभीरपणे म्हणायच्या, "सांगून गेलं की बरं असतंय. न सांगता गेलं की बसतात मंग दारात."

ताई गेल्यावर जनावरं पांगली. आंधळा बैल हट्ट्याच्या एका कुटुंबानं नेला, बाकीची कुत्री पुसेगावच्या एका नवरा-बायकोनं. चंपीला मी घरी आणलं. सकाळी कुलूप लावून दुकानात गेलो आणि दुपारी न राहवून परत आलो, तर ती दाराकडे तोंड करून बसलेली, भाकरीला तोंड लावलेलं नाही. त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर उचलून घरी आणला. कुलूप खिळ्याला टांगलं. तरीही तिचं तेच, उंबऱ्यात बसायचं आणि रस्ता बघायचा. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही.

गेल्या रविवारी तिचं जुनं पोतं आणायला शेडवर गेलो होतो. रामराव फाटकापाशी भेटले. ताई गेल्या त्या दिवसाचं विचारलं, तर म्हणाले, "बोलताच येईना त्यायला. दवाखान्यात न्यायला जीपमंदी घालून राहिलो होतो, तं फाटकाकडं हात करू लागल्या. आमाला वाटलं पानी मागून राहिल्या. पानी देलं, पेल्या न्हाईत…"

मी तिथंच फाटक धरून उभा राहिलो. त्या पाणी मागत नव्हत्या.

घरी आल्यावर चंपीच्या शेजारी उंबऱ्यात बसलो. कुत्र्याशी बोलायची मला सवय नाही, शेजारचे बघतील म्हणून लाजही वाटली. घसा साफ करून म्हटलं, "येते म्हणाल्या गं ताई… उशीर होईल." दुसऱ्यांदा म्हणताना मला रडू आलं. चंपीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

आता रोज सांगतो. काल तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मीही माझं ताट उंबऱ्यातच घेऊन बसलो होतो.