कूलर बंद करून ऐकजो

विनायक गेल्याची बातमी मला विनायकच्याच नंबरावरून आली. शुक्रवारची सकाळ होती. सीताबर्डीच्या सिग्नलला मी मेट्रोच्या खांबाखाली स्कूटर लावून उभा होतो. मोबाइलवर त्याचं नाव चमकलं. शुक्रवार म्हणजे नव्या अल्बमची यादी, हे ठरलेलंच. खालचं काही न वाचता मी सवयीनं टाइप केलं, ‘वा! ऐकतो.’ सिग्नल सुटला. ऑफिसात पोचून चहा घेताना मेसेज उघडला, तर तो त्याच्या बायकोचा, मीनावहिनींचा होता. विनायक पहाटे झोपेतच गेला होता... आणि त्याखाली माझं ‘वा! ऐकतो.’ खोडायला गेलो, तर दोन निळ्या खुणा दिसल्या.

आम्ही कॉलेजपासूनचे. तो पुढं एका सरकारी कचेरीत चिकटला, हुडकेश्वरला घर बांधलं, पण जीव सगळा गाण्यात. दर शुक्रवारी जगात कुठं काय नवं निघालं ते शोधून तीन अल्बम पाठवायचा. एक लोकसंगीताचा, एक सायकेडेलिक रॉकचा, एक जॅझचा. प्रत्येकापुढं एक ओळ. ‘डोंगरातल्या बाया गाते. शब्द समजत नाही, भांडण समजते.’ ‘हा गिटारवाला डोक्यानं सरकलेला आहे, पण सुरात.’ ‘यात तबला नाही, तरी तबला आठवते.’ आणि शेवटी न चुकता, ‘कूलर बंद करून ऐकजो गा.’

ही अट मे महिन्यातही लागू! नागपुरात, भर दुपारी! एकदा मी वैतागून म्हटलं, “काहून गा, मारतं का मले?” तो म्हणाला, “सुध्या, कूलरच्या घरघरीत अर्धं गाणं वाहून जाते. घाम पुसता येते, गेलेलं गाणं येत नाही.” स्वतः मात्र खरंच बंद करायचा. बनियनवर, डोळे मिटून, पूर्ण अल्बम संपेपर्यंत बसायचा.

मी? मी पहिलं गाणं अर्धं ऐकायचो, तेही कूलर फुल ठेवून, आणि ‘मस्त आहे’ लिहायचो. गेल्या दोन वर्षांत तर तेवढंही नाही. न ऐकताच सकाळी ‘वा! ऐकतो’ आणि संध्याकाळी ‘मस्त आहे’. त्याला संशय आला नसेल? या प्रश्नानं पूर्वी कधी झोप उडाली नव्हती. आता उडते.

घाटावर गेलो, पण मागं उभा राहिलो, वहिनींची नजर पडू नये म्हणून. तेरवीला सावनेरला काम निघालं... निघालं कसलं, मीच काढलं. माझं ते उत्तर वाचून वहिनींना काय वाटलं असेल, मुलांना दाखवलं असेल का? फोन वाजला की तो उलटा ठेवायचो. नवरा गेल्याचं कळवणाऱ्या बाईला मी ‘वा!’ म्हटलं होतं. शेवटी परवा बायकोनंच गाडीवर बसवलं.

विनायकची खोली तशीच होती. स्पीकर, वेताची खुर्ची. खिडकीतला कूलर घरघरत होता. वहिनींनी पाणी दिलं. मी मान खाली घालून म्हणालो, “वहिनी, तो मेसेज... मी न वाचताच...”

“माहीत आहे मले,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी पहिलं उत्तर तुमचंच आलं, भाऊजी. रडता रडता हसली मी. हे नेहमी म्हणत, ‘चाळीस जणांले पाठवतो, बाकीचे तर उत्तरच देत नाही वं. सुध्या निदान खोटं तरी बोलते.’”

म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत असून तो दर शुक्रवारी पाठवत राहिला. मला रडू आलं, आणि लाजही वाटली.

वहिनींनी त्याचा मोबाइल पुढं केला. शेवटची यादी होती, जायच्या आधीच्या शुक्रवारची. खाली माझं ‘मस्त आहे.’

“मले यातलं काही समजत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे शेवटचं. खरंच चांगलं आहे का हो?”

मस्त आहे, हे ओठांवर आलंच होतं.

“ऐकलं नाही, वहिनी.”

त्यांनी मोबाइल स्पीकरला जोडला आणि उठून कूलर बंद केला.