आधी नवऱ्याला घेऊन या

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एकच नियम आहे. हिने दवाखान्यातलं काही सांगायचं नाही. नियम अर्थातच आमच्या ह्यांचा. हे बँकेत होते, त्यांचे किस्से वरण-भाताबरोबर खपायचे. माझे खपायचे नाहीत. मग ते साठत गेले. बायकांच्या डॉक्टरकडे किश्श्यांना तोटा नसतो, ऐकणाऱ्यांचा असतो. आता तुमचा चहा पिऊन झालाय आणि घरी जायची कुणाला घाई दिसत नाही, तर ऐका.

ऐंशीच्या दशकात घाटकोपर पश्चिमेला माझा दवाखाना होता. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, तपासायचं एक टेबल आणि परब सिस्टर. परब सिस्टर कामाला वाघ. आवाज मात्र असा की त्या कुणाच्या कानात बोलल्या तरी खाली रेशनच्या रांगेला कळायचं.

*

बायका यायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि पदराचं टोक पिळत राहायच्या. "काय होतंय?" "तसं काही नाही." "मग आलात कशाला?" "ते... तिकडे जरा." एवढ्यावरून निदान करायचं!

एकदा एक शाळेतल्या बाई आल्या. म्हणाल्या, "मला काही नाही हं. माझ्या मैत्रिणीला त्रास आहे. खाज सुटते, पांढरं जातं. ती लाजते, म्हणून मी आले."

मी विचारलं, वास येतो का, लघवीला जळजळ होते का, कधीपासून आहे. बाईंना मैत्रिणीची फारच बारीक माहिती होती. मी म्हटलं, "तपासल्याशिवाय औषध देत नाही मी. पाठवा तिला."

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या.

"डॉक्टर, तिच्याऐवजी मी टेबलावर झोपले तर चालेल?"

चालेल म्हटलं. मैत्रीण आठवड्यात बरी झाली.

*

सुनंदाला मात्र तिची सासूच घेऊन आली होती. माणसं मालवणकडची. नवरा प्रकाश माहुलला एका कंपनीत फिटर, राहायलाही तिथेच. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. सुनंदा चोविसेक वर्षांची असेल. मी काही विचारलं की ती नुसती मान हलवायची आणि उत्तर सासू द्यायची.

"डाक्टर, हिची पिशवी एकदा धुवन टाका."

म्हणजे क्युरेटिंग. गर्भपिशवीचं अस्तर खरवडून काढायचं आणि तपासायला पाठवायचं. सासूच्या बोलण्यावरून वाटायचं, घरात पाण्याचं पिंप घासतात तसं काहीतरी असावं. फाइल बघितली तर दुसरीकडे दोनदा झालेलं होतं. एक्स-रेमध्ये नळ्या मोकळ्या होत्या. थोडं इन्फेक्शन होतं, त्याला औषध दिलं. बाकी पोरीत काही खोट नव्हती.

माझा एक नियम होता. मूल होत नाही म्हणून बायकोला भूल द्यायची, तर आधी नवऱ्याची तपासणी झालीच पाहिजे. मी सासूला विचारलं, "मुलाचं वीर्य तपासलंय का?"

"माझ्या झिलाक काय्येक झालेला नाय. तो कबड्डी खेळता."

मी म्हटलं, "कबड्डीचा रिपोर्ट इथे चालत नाही."

सासूने मग सरळच सांगितलं. गणपतीला गावी जायचं, तेव्हा सुनेला माहेरी सोडून यायचं ठरलंय. पिशवी धुऊन काही झालं तर ठीक, नाही तर दुसरी बघायची. सुनंदा समोरच बसली होती. मला इतका राग आला की मी प्रिस्क्रिप्शनवर तारीख चुकीची घातली.

"आधी नवऱ्याला घेऊन या," एवढंच म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

*

पुढची पेशंट फेसाची होती. तिला मी रात्री आत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या काळी त्या गोळ्यांना ओलाव्याने फेस यायचा. त्या फेसानेच औषध आत पसरायचं. आठ दिवसांनी बाई आली.

"बरं वाटतंय का?"

"नाही हो. आणि गोळी फार मोठी आहे. घशात अडकते. वर तोंडाला फेस येतो, सासरे घाबरले."

चूक माझीच. मी "आत ठेवायची" म्हटलं होतं, आत म्हणजे कुठे ते सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून समजावून सांगायचं काम मी परब सिस्टरांकडे दिलं. त्यांनी ते इतक्या मनापासून केलं की खालचा रेशन दुकानदार वर आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा हळू. गिऱ्हाईकं साखर न घेता जातात."

*

गोरेगावहून एक जण यायची. स्टुडिओत गर्दीत उभी राहायची, पोटापाण्यासाठी. तिला दर महिन्याला लघवीचं इन्फेक्शन. थंडी वाजून ताप, जळजळ, सगळं. औषध दिलं की बरी, पुन्हा शूटिंग लागलं की हजर.

मी चिडले. "पाणी पितेस का तू दिवसभर? तुंबवून ठेवलंस तर जंतू वाढणारच ना. दोन-तीन तासांनी जायचं."

"जायचं कुठे डॉक्टर? तिथलं एकच बाथरूम, ते हिरॉइनचं. त्याला कुलूप."

"मग सांगायचं ना त्या लोकांना."

"सांगितलं. असिस्टंट म्हणाला, तू राणीची दासी आहेस. दासी सिंहासनामागे उभी असते, ती मधेच कुठे जात नाही."

तिला माझ्याकडे औषध होतं. त्या असिस्टंटसाठी नव्हतं, नाही तर तेही दिलं असतं.

*

आता नवरे. काही इन्फेक्शनं अशी असतात की नवऱ्याला काही कळत नाही, पण जंतू त्याच्याकडेही असतात. एकट्या बायकोला औषध दिलं की ती बरी होते आणि महिन्याभरात परत येते. म्हणून गोळ्या दोघांनाही द्यायच्या. हे नवऱ्यांना पटवताना माझी वाट लागायची. "मला काय झालंय?" हा त्यांचा राष्ट्रीय प्रश्न.

एका बाईच्या नवऱ्याने कशाबशा गोळ्या घेतल्या. मी बजावलं होतं, ह्या गोळ्या चालू असताना दारू अजिबात नाही. त्याने अर्थातच घेतली. दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून त्याला माझ्याकडे आणला. ओकून ओकून डोळे आत गेलेले.

"डॉक्टर, काय दिलंत हे? मेलो असतो मी!"

"दारू पिऊ नका म्हटलं होतं."

"तुम्ही सगळेच डॉक्टर म्हणता हो ते."

महिन्याने बायको एकटीच आली. तपासलं, इन्फेक्शन साफ गेलं होतं. मी म्हटलं, "झालं, आता औषध नको." ती काही उठेना.

"डॉक्टर, मला नको. पण ह्यांच्या त्या गोळ्या... वर्षभराच्या मिळतील का?"

मी नाही म्हटलं. तसं औषध देता येत नाही. पण मनातून मला तिचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, हे तुम्हाला म्हणून सांगते.

*

गणपती तीन आठवड्यांवर आले तरी सुनंदाचा नवरा काही येईना. ती मात्र आली, एकटी, घरी न सांगता. टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली आणि रडायला लागली. परब सिस्टर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, "बस गं, पाणी पी."

त्याच आठवड्यात प्रकाश आला. मिशी, दंड, कबड्डीचा टी-शर्ट. बाहेर बाकावर बसला. परब सिस्टरांनी दार उघडून विचारलं, "वीर्य तपासायला कोण आलंय?"

बाकावरचे तिन्ही पुरुष उठून गेले. त्यातला एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होता.

मी खिडकीतून हाक मारून प्रकाशला वर बोलावलं. समजावलं. यात लाज कसली, दहा मिनिटांचं काम. बाटली घरून आणली तरी चालेल, फक्त तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे आणि गरम राहिली पाहिजे. तो विचार करून म्हणाला, "माहुलवरून यायला वेळ जाईल ना मॅडम. माझा दोस्त आहे मन्या, इकडेच भटवाडीत राहतो. त्याच्या घरून आणली तर?"

मला कौतुक वाटलं. म्हटलं, कबड्डी खेळतो पण शास्त्र समजतं याला. ठरल्या दिवशी वेळेवर बाटली आली, शर्टाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली. लॅबमध्ये गेली.

रिपोर्ट आला. शुक्रजंतू शून्य. कमी नाहीत, शून्य.

मी तिघांनाही बोलावलं. सासू, सुनंदा, प्रकाश, एका रांगेत. असं सांगताना मी आवाज मऊ करते, तसा केला. "एका तपासणीवर काही ठरत नाही, पुन्हा करून बघू. पण ह्या रिपोर्टप्रमाणे मूल न होण्याचं कारण सुनंदात नाही. प्रकाशमध्ये आहे."

सासूने पदर तोंडाला लावला. सुनंदाने पहिल्यांदा मान वर केली. प्रकाशच्या कपाळावर घाम आला. रिपोर्ट त्याने हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, खाली ठेवला.

"मॅडम, हे शक्यच नाही."

"असं वाटतं सुरुवातीला."

"तसं नाही ना मॅडम." तो आईकडे बघेना, बायकोकडे बघेना, माझ्या स्टेथोस्कोपकडे बघत बोलला. "बाटली माझी नव्हती. मला भीती वाटली, काही कमीजास्त निघालं तर. म्हणून मन्याची आणली. त्याचं चांगलंच असणार ना मॅडम, त्याला दोन मुलं आहेत."

परब सिस्टरांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

मग सासू उठली. परब सिस्टरांच्या ट्रेमधली रिकामी बाटली तिने स्वतःच्या हाताने उचलली आणि मुलापुढे धरली.

"जा. मी दाराभायर उभी रवतंय. आणि तुझो रिपोट येयपर्यंत माझी सून खंयच जावची नाय."

प्रकाश गेला. मागोमाग सासू गेली आणि बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. खोलीत उरलो सुनंदा, परब सिस्टर आणि मी. सुनंदा खुर्चीवर नीट टेकून बसली, पदर सारखा केला आणि माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलली.

"डॉक्टर, आता मन्याभावजींना कोण सांगणार?"