पेनांकडे बघणारे सर

घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच; एका सरांबद्दल लिहायचं धाडस करतेय, माफ करा. प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारं आमच्या रायपूरच्या विद्यापीठातलं केंद्र ते चालवतात. तासाला मागे बसून ते आमच्या पेनांकडे बघतात, कुणाचं कुठे थांबतं ते. गेल्या वर्षी माझं पेन थांबलं, तेव्हा तास संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "काहून थांबली बेटा?"

"समजलं नाही," असं मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

प्राध्यापकांनी बोलावलं तरच त्यांना वर्गात बसता येतं. यंदा कुणीच बोलावलं नव्हतं, म्हणून केंद्र बंद होणार होतं. गणिताचे सर तर व्हरांड्यात हसले, "वीस वर्षं शिकवून राहिलो, आता मले तुम्ही शिकवाल?"

"नाही भैया, मी फक्त मागं बसतो," केंद्राचे सर म्हणाले.

काल केंद्राच्या ऑफिसातल्या दीदींनी त्यांना निरोप दिला: गणिताच्या सरांनी सोमवारच्या तासाला बोलावलंय.