वजनाचा रकाना

कॅम्पर आधी ठरला, रस्ता नाही हे नंतर कळलं. कॅनडाच्या अगदी उत्तरेतलं ते राष्ट्रीय उद्यान आम्ही चौघांनी एका रविवारी अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या आमच्या घरी बसून निवडलं: माझी बायको, मी, आमचा एक मित्र आणि त्याची बायको. झोपायला सहा जागा, स्वयंपाकाचा ओटा आणि शॉवर असलेली मोठी गाडी त्याच संध्याकाळी आरक्षित झाली. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की त्या उद्यानात एकही रस्ता जात नाही. सर्वांत जवळचा रस्ता एका तळ्याच्या काठी संपतो आणि पुढे पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने जावं लागतं. ही माहिती उद्यानाच्या संकेतस्थळावर पहिल्याच ओळीत होती. आम्ही फोटो पाहिले होते.

"म्हणजे प्लॅन चुकलेला नाही," मित्र म्हणाला. "लास्ट माइल हवाई आहे, एवढंच."

मित्र एका आयटी कंपनीत प्रकल्प सांभाळतो. सहलीचं नियोजन त्याच्याकडे कोणी दिलं नव्हतं, तरी ते त्याच्याकडेच होतं, म्हणून त्याला इथे नियोजक म्हणतो. त्याच्या एक्सेलमध्ये चौदा शीट होत्या. एक नुसती अस्वलांची होती आणि तिच्यात अस्वल दिसल्यास जबाबदार व्यक्ती म्हणून मला नेमलेलं होतं. मला हे शीट उघडल्यावर कळलं.

शेजारच्या डच आजोबांना मी बेत सांगितला. ते दरवर्षी दक्षिण फ्रान्समधल्या एकाच कॅम्पिंगच्या तळावर, एकाच जागी आपला कॅरॅव्हान नेतात आणि सोबत इथले बटाटे नेतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथे काय आहे?"

"काहीच नाही."

"मग बटाटे जास्त घ्या," ते म्हणाले.

या सहलीत पाचवी व्यक्ती होती ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय एकाहत्तर. कराडच्या बसस्थानकातल्या पार्सल ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. आलेला डाग, म्हणजे सामानाचा नग, काट्यावर घालायचा, पावती फाडायची, गाडीच्या टपावर चढवायला लावायचा. आंब्याच्या पेट्या, शिवणयंत्रं, एकदा कुणाची तरी वरातीची छत्री, सगळं त्यांच्या हातून कुठे ना कुठे गेलं. त्या स्वतः कुठे गेल्या नाहीत. उद्यानाचं कळल्यावर फोनवर त्यांनी मुलीला एकच विचारलं होतं, "तिथे खरंच कोणी राहत नाही?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मला न्या. एकदा अशी जागा बघायचीय, जिथे माणूस काही मागायला येत नाही."

आमच्यापैकी बाकी कोणाला तिथे नेमकं का जायचं होतं, हे दहा महिन्यांच्या बैठकांच्या इतिवृत्तांत कुठे नोंदलेलं नाही. सासूबाईंनी पुण्याला दोन खेपा घालून कॅनडाचा व्हिसा काढला. तो आला तेव्हा आमची चर्चा झोपायच्या पिशव्यांच्या रंगावर होती.

मे महिन्यात त्या इथे आल्या. सराव म्हणून आम्ही त्यांना जवळच्या जंगलात नेलं. त्यांनी सरळ ओळीत उभी झाडं पाहिली, कचऱ्याचे डबे पाहिले, घोड्यांसाठी वेगळा आणि सायकलींसाठी वेगळा रस्ता पाहिला.

"ही झाडं कोणी लावली?"

"माणसांनीच. साधारण शंभर वर्षांपूर्वी."

"मग बाग म्हणा की."

अडचण आली ती तिसऱ्या शीटमध्ये. त्यात प्रत्येकाची माहिती होती: पारपत्र, रक्तगट, अ‍ॅलर्जी, घोरणं. शेवटचा रकाना वजनाचा होता. लहान विमानाला प्रवाशांचं आणि सामानाचं मिळून चारशे दहा किलोच चालत होतं आणि विमानवाल्यांना प्रत्येकाचं खरं वजन कपड्यांसकट हवं होतं. घोरण्याचा रकाना दोन दिवसांत भरला. वजनाचा सहा आठवडे रिकामा राहिला.

"वहिनी, वजन टाकायचं राहिलंय," मी एकदा नियोजकाच्या बायकोला म्हणालो.

"तुम्ही आधी टाका ना, भाऊजी. लेडीज लास्ट."

शेवटी नियोजकाने ऑफिसात करतात तसा एक निनावी फॉर्म काढला. पाच जणांनी पाच आकडे भरायचे, कोणी कोणता भरला हे कळणार नाही. सासूबाईंनी आपला आकडा मला तोंडी सांगितला: एकोणपन्नास. मी तो भरला. मग माझा भरला. माझं वजन ब्याऐंशी आहे, मी सत्तर लिहिलं. पाच जणांची बेरीज दोनशे पंचाण्णव आली.

खाण्याच्या सामानाचं वजन मात्र वहिनींनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं होतं. भाजणी, मेतकूट, तीन प्रकारची लोणची, डाळी, तांदूळ आणि कुकर धरून बासष्ट किलो, अगदी ग्रॅमसकट. प्रत्येकाची कपड्यांची पिशवी नऊ किलोची. एकूण चारशे दोन. आठ किलो शिल्लक राहिले म्हणून नियोजकाने ग्रुपवर टाळ्या टाकल्या.

विमानवाल्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. पाच जणांत लहान मुलं किती, असं त्यांनी विचारलं होतं. आणि कळवलं होतं की तळ्याकाठी सर्वांना काट्यावर उभं करतात. वजन जास्त भरलं तर सामान मागे राहतं किंवा माणूस.

त्या शनिवारी दुपारी तातडीची बैठक बसली. सासूबाई टेबलाच्या टोकाला चहा पीत होत्या. बोलणं त्यांच्याविषयी होतं आणि ते त्यांच्याशी सोडून सगळ्यांशी चाललं होतं.

"काकूंना एवढ्याशा विमानात बसवायचं म्हणजे पाय अवघडतील गं," वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या.

"आणि कॅम्पर तर तिथे उभाच असणार," नियोजक म्हणाला. "मायक्रोवेव्ह आहे, शॉवर आहे, समोर तळं. काकूंचा उलट आरामच होईल! चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"एकटीने?" बायको म्हणाली.

"एकटीने कशी? कॅम्पिंगवर माणसं असतात की भरपूर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वही पाहत होतो. बैठकांची टिपणं माझ्याकडे असतात.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "जावईबापू, ती वही द्या इकडे. आणि पेन."

त्यांनी वहीत उभी रेघ मारली. "पार्सल आणणारा माणूस वजन कमीच सांगतो. 'दहा किलो आहे हो बाई, घाई आहे.' काटा बिघडला की मी नजरेने लिहायची. साहेबांनी पुन्हा मोजलं तर किलोभराचा फरक निघायचा." नियोजकाकडे वळून म्हणाल्या, "उभे राहा बघू."

"काकू, हे काय आता!"

"उभे राहा. चौऱ्याण्णव."

वहिनी खळखळून हसल्या.

"एकाहत्तर," सासूबाई म्हणाल्या.

"सत्तर हो, काकू!"

"मग चपला काढ." पेन माझ्याकडे वळलं. "ब्याऐंशी. जावई म्हणून सूट नाही." मग मुलीकडे. "अडुसष्ट."

"आई, अगं!"

"अगं काय? तुला पोटात वागवलीय मी. तुझं वजन मला कळत नाही?"

बाथरूममधला काटा आणला गेला. नियोजक आधी एका पायावर उभा राहिला, मग दोन्ही. चौऱ्याण्णव. वहिनी चपला काढून सत्तर भरल्या आणि मुद्दा सोडायला तयार झाल्या. विमानवाल्यांना चपलांसकट वजन हवं होतं, म्हणून एकाहत्तरच राहिलं.

सासूबाईंनी बेरीज केली. माणसं तीनशे चौसष्ट, पिशव्या पंचेचाळीस, खाणं बासष्ट. चारशे एकाहत्तर. एकसष्ट किलो जास्त.

"आता मी उतरले," त्या म्हणाल्या. "पिशवीसकट अठ्ठावन्न गेले. तरी तीन किलो जास्तच. मला कॅम्परात बसवून तुमचं विमान उडत नाही."

एका बाजूला सासूबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला बासष्ट किलो खाणं. ठरवायला शोभेल त्यापेक्षा जास्त वेळ गेला.

"काकू आल्या तर खाण्याला एकच किलो उरतो. लोणचं एकच नेता येईल," वहिनी शेवटी म्हणाल्या.

माझी बायको मोबाइलवर आकडे मांडत होती. तिने मान वर केली. "वजाबाकी वरून करून बघू या का? सगळ्यात मोठ्या आकड्यापासून?"

चौऱ्याण्णव आणि पिशवीचे नऊ. उरले तीनशे अडुसष्ट. चार माणसं, सगळी भाजणी, सगळी लोणची, कुकर, आणि वर बेचाळीस किलो मोकळे.

"अरे, मग तूच थांब ना," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. लोणचं वाचल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही.

दहा महिने खपलेला माणूस दुखावेल असं मला वाटलं होतं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तळ्याकाठी नेटवर्क आहे," तो हळूच म्हणाला. मग आवाज नेहमीचा झाला. "खरं तर बेस कॅम्प कोणीतरी सांभाळायलाच हवा. तिथून कोऑर्डिनेशनही नीट होईल." संध्याकाळपर्यंत 'बेस कॅम्प' नावाची पंधरावी शीट तयार होती. अस्वलांची शीट त्याने त्यानंतर उघडली नाही.

"मेल आत्ता पाठवा," सासूबाई मला म्हणाल्या. "उद्या कोणाचं तरी मन बदलेल." त्या पाठीमागे उभ्या राहिल्या. मी चार नावं आणि चार खरी वजनं लिहिली. त्यांनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तपासलं आणि मी मेल पाठवला.

पुढचे तीन दिवस त्या सकाळी एवढंच विचारत होत्या, "पावती आली का?" चौथ्या दिवशी आली. फोनवर दाखवली तर त्यांना चालेना. ग्रंथालयात जाऊन कागदावर छापून आणली. त्यांनी आपलं नाव आणि पुढचा एकोणपन्नास हा आकडा वाचला, घडी घातली आणि कागद पारपत्रात ठेवला.

त्यानंतर तीन बैठका झाल्या. मोकळ्या बेचाळीस किलोंत काय भरायचं, हा एकच विषय होता. सासूबाई एकाही बैठकीला बसल्या नाहीत. आम्ही जमायला लागलो की त्या छत्री घेऊन फिरायला बाहेर पडत.