गुप्तेसाहेब आणि दर्यातली विहीर

गुप्तेसाहेब गेल्याची बातमी मला अलिबागच्या बाजारात कळली, आषाढ सरता सरता, वाऱ्याने छत्री उलटी झालेली असताना. त्यांच्या घराजवळचा वाणी म्हणाला, "वकीलसाहेब, आपले साहेब पहाटे वारले." मी तिथेच एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. छत्री सरळ करायचंही सुचेना...

ते आमच्या तालुक्याचे मॅजिस्ट्रेट आणि मी त्यांच्यापुढे उभा राहणारा वकील, तोही बहुतेक वेळा हात हलवत परतणारा. पेन्शन झाल्यावर ते ठाण्याला घरी जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्यांनी नागावच्या एका वाडीत घर भाड्याने घेतलं आणि या किनाऱ्याचा इतिहास लिहायला घेतला. माणसं म्हातारपणी देवाच्या मागे लागतात, हे दगडांच्या मागे लागले. आणि जोडीला मला घेतलं, कारण माझी वकिली तशीही फारशी चालत नव्हती.

इतिहासातही त्यांनी कोर्ट सोडलं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी शपथ, मग जबानी, मग मला हुकूम, "वकीलसाहेब, उलटतपासणी घ्या." एका आजीबाईंनी तळ्यातल्या हडळीची हकीकत सांगितली. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलीत?" आजीबाई उसळल्या, "मी बगितली असती तं आज जिती असती काय?" साहेबांनी मान डोलावली आणि साक्ष फेटाळली. परतताना मात्र दोघेही बैलगाडीत पोट धरून हसलो.

पण एक प्रकरण हसण्यावारी जाणारं नव्हतं. थळच्या बाजूला एक कोळीवाडा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचे दोन पाडे, वरचा आणि खालचा. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ कोणी द्यायचा यावरून त्यांच्यात डोकी फुटली आणि खटला साहेबांपुढे आला. जो पाडा जुना त्याचा मान, हे दोघांनाही कबूल होतं. खालच्या पाड्याचा धर्मा म्हणाला, "आमचा जुना गाव दर्यानं गिलला. आमची विहीर हाय दर्यात." मी वरच्या पाड्याचा वकील. मी विचारलं, "दर्यातल्या विहिरीचं पाणी गोड की खारट?" कोर्ट खो खो हसलं. पहिला नारळ वरच्या पाड्याने द्यावा, खालच्याने मागे उभं राहावं, असा हुकूम झाला. माझ्या जिंकलेल्या मोजक्या खटल्यांपैकी तो एक.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका वादळानंतरच्या अमावास्येला, मोठ्या ओहोटीत आम्ही त्याच किनाऱ्यावर फिरत होतो. खडकांच्या पलीकडे वाळू वाहून गेली होती आणि घडीव दगडांचं एक गोल कडं वर आलं होतं. साहेब गुडघाभर पाण्यात शिरले. कड्यावर दोराने घासून पडलेल्या खाचा होत्या. एकेका खाचेत त्यांनी बोट घालून पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या पाणी शेंदल्याशिवाय दगड असा झिजत नाही.

"त्या दिवशी कोर्ट हसलं होतं," ते म्हणाले.

"साहेब, वकिलाने हसवायचंच असतं."

"हो. पण मीही हसलो होतो. मी हसायला नको होतं."

मी समजूत घातली, झालं ते झालं, पुस्तकात चार ओळी लिहा आणि सोडून द्या. ते म्हणाले, "पुस्तक कोण वाचणार? नारळ सगळे बघतात."

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला ते किनाऱ्यावर दोन्ही पाड्यांसमोर उभे राहिले. "माझा निकाल चुकला. खालचा पाडा जुना आहे. मान त्यांचा." वरच्या पाड्याचा म्होरक्या पोशा नाखवा पुढे आला. मग म्हणाला, "साहेब, तुमचा चुकला आसंल. पन आमची पोरं त्यो हुकूम ऐकत वाडली. आता मागं कसं सरू?"

साहेबांजवळ आता खुर्ची नव्हती, शिपाई नव्हता. ते गर्दीतून मागे गेले आणि खालच्या पाड्याच्या लोकांत जाऊन उभे राहिले. पुढेही दर वर्षी तसंच. भिजलेला कोट, हातात काठी. पोशा पुढे खुर्ची मांडायचा, साहेब हात जोडून नकार द्यायचे. मला या हट्टाचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर फार अभिमानही वाटायचा.

यंदाची पौर्णिमा त्यांचे दिवस झाल्यावर लगेचच आली. मी गेलो. खालच्या पाड्याचे लोक नेहमीसारखे मागे उभे होते आणि त्यांनी मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली होती. पोशा सोनेरी कागदात मढवलेला नारळ घेऊन वाजतगाजत पाण्यापर्यंत गेला. तिथे थांबून त्याने मागे वळून पाहिलं. साहेबांना खांदा दिलेल्यांत तो होता, म्हणजे ते गेल्याचं त्याला ठाऊकच होतं. तरी पाहिलं.

मग तो ओल्या वाळूतून परत वर आला. वाजंत्री थांबली. त्याने नारळ धर्माच्या हातात ठेवला. "घे. साहेब व्हते तवर मना हट्ट व्हता. आता कोनाशी भांडू?"

धर्माला पाऊल उचलवेना. कोणीतरी त्याला हलकेच पुढे ढकललं. तो पाण्याकडे निघाला, आणि पोशा नाखवा मागच्या रांगेत येऊन साहेबांच्या मोकळ्या जागेत उभा राहिला.