लाल चिंधीचं वांगं

भुसावळ स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी आईने खिडकीतून एक पुरचुंडी आत सरकवली. बाकी सामान मी दोनदा तपासलं होतं. ही माझ्या हिशेबात नव्हती. तीत राखेत घोळलेलं वांग्याचं बी होतं.

"पहिलं फळ खावानं नही," ती म्हणाली. "ते बीना साठे शे."

मुलगी लग्न करून बंगळुरूला निघालेली आणि हिचं वांग्याचं चाललंय, म्हणून मला रागच आला होता.

चोपड्याजवळच्या आमच्या गावी भरताच्या पहिल्या वांग्याला लाल चिंधी बांधतात. चिंधी दिसली की कोणी हात लावत नाही. ते झाडावरच पिवळं पडतं आणि त्याचं बी पुढच्या वर्षाला. बंगळुरूच्या गच्चीवर, ग्रो बॅगमध्ये, मी तेच करत आले. इथे भाजायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या नाहीत. गॅसवर जाळी ठेवते. धूर नाही म्हणून चव थोडी उणीच. तरी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत वाढलं की शेजारणी वाटी घेऊन येतात. स्वतः लावलेलं वाढताना हात आखडत नाही.

गेल्या वर्षी असोसिएशनने वॉटरप्रूफिंगसाठी गच्ची रिकामी करवली. एकच झाड बाल्कनीत वाचलं, त्याला एकच वांगं. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याने सगळीकडे केळी लावली, परसातली वांगी गेली, डब्यातलं जुनं बी उगवलंच नाही. आई बाजारातलं वांगं ताटात बाजूला सारते.

"अक्का, तुनाजोडे आपलं बी शे का?"

पुरचुंडी तर कधीच संपलेली, दरवर्षी राखलेलं बीही गच्चीवरच्या रोपांत गेलेलं. होतं ते त्या एका वांग्यात. मी चिंधी बांधली आणि घरात बजावून सांगितलं.

"जावयासारखी बडदास्त चाललीय त्याची!" आमचे हे धुळ्याचे, भरतावर जीव.

"जावयाला भाजत नाहीत. लक्षात ठेवा."

पण माकडं आली तेव्हा काठी घेऊन धावले तेच. वांगं पिकलं. बी धुतलं, वाळवलं, राखेत घोळलं. अर्धं ठेवलं, अर्धं कुरिअरने गावी.

कुठे राहतेस विचारलं की मी बंगळुरू सांगते. घर कुठलं विचारलं की आजवर अडखळायचे. निघालेल्या सगळ्यांचं तसंच होत असावं. भावाने परसातल्या झाडाला वांगं धरल्याचं कळवलं, त्या दिवशी मात्र वाटलं, माझं निघून येणं अगदीच एकेरी नव्हतं.

काल आईला फोन केला. तिने किती वर्षांनी घरचं खाल्लं असेल!

"भरीत कसं झालं?"

"कसानं भरीत? पहिलं फळ शे ते. चिंधी बांधी दिनी." मग म्हणाली, "दुसरं लागेल शे. तू उनी म्हणजे भाजसूत."

आधी तिकीट काढलं, यांना नंतर सांगितलं.